खरखरीत अक्षरांची कुळकथा



एखाद्या सुखवस्तु वस्तींतील बालमंदिरांत आपण गेलांत, तर तेथें पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं सँडपेपरचीं अक्षरें आपल्या दृष्टीस पडतील. तीनचार वर्षांचें मूल त्या खरखरीत अक्षरावरून बोट फिरवितें, त्याचा ध्वनि उच्चारतें, आणि आईबाप कौतुकानें पाहत उभे राहतात. या कौतुकापायीं ते फीहि भरपूर देतात. परंतु हें साधन मुळांत कोणत्या मुलांसाठीं निर्माण झालें, हें त्यांच्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें. शाळेच्या दारांतून ज्यांना परत पाठविलें जाई, वैद्यांनीं ज्यांना असाध्य म्हणून सोडून दिलें होतें आणि वेड्यांच्या रुग्णालयांत ज्यांची जागा ठरून गेलेली होती, अशा मुलांना अक्षरओळख करून देण्याच्या खटपटींतून तें निघालें आहे. ही कुळकथा आज सांगावयाची आहे; आणि ती सांगतांना एक हिशेबहि पाहावयाचा आहे. त्या मुलांच्या शिक्षणापासून इतरांना जें मिळालें, त्याची परतफेड त्यांना कितपत झाली?

कथेचा आरंभ मुक्याबहिऱ्यांच्या आणि आंधळ्यांच्या शाळांत होतो. स्पेनमध्यें ह्वान पाब्लो बोनेत यानें १६२० सालींच बोटांच्या खुणांची वर्णमाला छापून प्रसिद्ध केली होती. फ्रान्समध्यें जाकोब पेरेर यानें आपला बहिरा शिष्य १७४९ मध्यें तेथील विज्ञान-अकादमीपुढें बोलता करून दाखविला. त्यानंतर आबे द लेपे या धर्मोपदेशकानें पॅरिस येथें बहिऱ्यांसाठीं शाळा चालविली व हातवाऱ्यांची भाषा हेंच शिक्षणाचें माध्यम केलें. अंधांच्या बाबतींत व्हालांतँ आउई यानें १७८५ च्या सुमारास तीच वाट धरली. कागदावर उठावाचीं अक्षरें उमटवून तीं बोटांनीं वाचावयास तो शिकवूं लागला.

येथें क्षणभर थांबलें पाहिजे. आउईचीं तीं उठावाचीं अक्षरें डोळसांच्याच लिपीचीं होतीं. डोळ्याला जी आकृति एका दृष्टिक्षेपांत ओळखूं येते, ती बोटाला चाचपडत शोधावी लागते. शिवाय आंधळ्या मुलाला तीं अक्षरें स्वतःच्या हातानें लिहितां येत नसत. त्याच शाळेंतील लुई ब्राय या विद्यार्थ्यानें १८२४ मध्यें, वयाच्या पंधराव्या वर्षीं, सहा ठिपक्यांची लिपि रचली. ती वाचतांहि येई आणि लिहितांहि येई. विद्यार्थी तिच्यावर लुब्ध झाले; परंतु डोळस शिक्षकांना ती वाचतां येईना, म्हणून शाळेनें तिला अधिकृत मान्यता देण्यास १८५४ साल उजाडलें. ब्राय त्यापूर्वींच, १८५२ मध्यें, मरण पावला होता. शिकविणाराच्या सोयीचें कोणतें आणि शिकणाराच्या सोयीचें कोणतें, हा तंटा या सबंध इतिहासांत पुन्हां पुन्हां उपस्थित होतो.

आतां मुख्य कथेकडे वळूं. १८०० सालच्या जानेवारींत दक्षिण फ्रान्सच्या आव्हेराँ प्रांतांत अकराबारा वर्षांचा एक मुलगा रानांतून गांवांत आला. अंगावर सदऱ्याच्या चिंध्या होत्या. बोलतां येत नव्हतें. त्याच वर्षीं त्याला पॅरिसला मुक्याबहिऱ्यांच्या संस्थेंत नेलें. वेड्यांना माणुसकीनें वागवावें असें प्रतिपादन करणारा विख्यात वैद्य पिनेल यानें त्याला तपासलें आणि निर्णय दिला कीं, हा मुलगा जन्मतःच बुद्धिहीन आहे, याच्या शिक्षणाची आशा बाळगूं नये. परंतु त्या संस्थेचा सव्वीस वर्षांचा तरुण डॉक्टर जाँ इतार याला हें पटलें नाहीं. मुलगा बुद्धिहीन नसून मनुष्यसहवासास मुकलेला आहे, असें त्याचें मत पडलें. (खरें कोणाचें, हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. आजचे कांहीं अभ्यासक त्या मुलांत स्वमग्नतेचीं लक्षणें पाहतात.) इतारनें मुलाचें नांव व्हिक्टर ठेविलें व त्याच्या जेवणाखाण्याची आणि मायेची व्यवस्था गेराँ नांवाच्या बाईंकडे सोंपविली.

बोलणें कांहीं केल्या जमेना. तेव्हां इतारनें वाणीला वळसा घालून थेट लेखनापाशीं जावयाचें ठरविलें. व्हिक्टरला वस्तु जागच्या जागीं ठेवण्याची विलक्षण आवड आहे, हें त्यानें हेरलें होतें. फळ्यावर त्यानें किल्ली, कात्री, हातोडा यांसारख्या वस्तूंचीं रेखाचित्रें काढलीं आणि प्रत्येक चित्राखालीं खिळा मारून ती ती वस्तु टांगली. वस्तु काढून हातीं दिल्या म्हणजे व्हिक्टर त्या अचूक जागीं टांगी. पण इतार सहजासहजीं समाधान पावणारा नव्हता. त्यानें चित्रांच्या जागा बदलल्या, तेव्हां कळून आलें कीं, मुलगा चित्र पाहतच नव्हता. तो नुसती जागा लक्षांत ठेवीत होता. मग चित्राकडे पाहावयास शिकविण्याचा पाठ झाला. पुढें चित्राच्या जागीं वस्तूचें नांव लिहून पाहिलें, तेथें गाडें अडलें. चित्र आणि शब्द यांच्यामधील दरी फार रुंद होती. इतार मागें फिरला आणि त्यानें त्या दरींत पायऱ्या बांधल्या: प्रथम रंगीत वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, मग एकाच रंगाचे आकार, मग एकमेकांशीं साम्य असलेले आकार, आणि मग कोठें अक्षरें. अक्षरांसाठीं चोवीस खणांचा फळा केला. प्रत्येक खणांत एक अक्षर छापलेलें आणि त्यावर बसविण्यासाठीं धातूचें तेंच अक्षर.

येथेंहि व्हिक्टरनें एक पळवाट काढली. अक्षरें काढतांना तो एकावर एक अशी त्यांची चळत रची, म्हणजे परत ठेवतांना वरचें अक्षर शेवटच्या खणांत, त्याच्या खालचें त्याच्या अलीकडच्या खणांत, अशा क्रमानें न पाहतांच काम उरके. ज्याला बुद्धिहीन ठरविलें होतें, त्यानेंच ही युक्ति शोधून काढली होती! मात्र हे पाठ नेहमींच गोडीगुलाबीनें चालत असें समजूं नये. कंटाळून व्हिक्टर संतापे, चादरी चावी, साहित्य फेकून देई. आणि एकदां तर इतारनें त्याला कायमची दहशत बसावी म्हणून उंच खिडकींतून बाहेर उलटा धरला. ही गोष्ट इतारनें स्वतःच्या अहवालांत नमूद केली आहे, आणि त्यानंतर मुलगा प्रथमच रडला असेंहि लिहिलें आहे. कोणत्याहि काळच्या न्यायानें ही क्रूरताच होय.

पुढें एके दिवशीं त्यानें दूध या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचीं ल, आ, इ, त अशीं चार अक्षरें फळ्यावर मांडलीं. गेराँबाईंनीं तीं पाहून दुधाचा पेला दिला. मग तींच अक्षरें व्हिक्टरच्या हातीं दिलीं; त्यानें तीं बरोबर उलट क्रमानें मांडलीं. पांचसहा वेळां सुधारून घेतल्यावर क्रम बसला. सुमारें आठवड्यानें संध्याकाळीं व्हिक्टर नेहमींप्रमाणें एका परिचिताच्या घरीं निघाला, तेथें त्याला रोज दूध मिळे. निघतांना कोणी न सांगतां त्यानें तीं चार अक्षरें खिशांत टाकलीं आणि त्या घरच्या टेबलावर तीं ओळीनें मांडलीं. ज्याच्या तोंडून मागणीचा शब्द निघत नव्हता, त्यानें अक्षरांनीं दूध मागितलें.

पुढल्या पांच वर्षांत व्हिक्टर पुष्कळ शब्द ओळखूं लागला. त्यांतहि एक अडचण मोठी बोधप्रद आहे. पुस्तक हा शब्द दाखविला कीं, ज्या पुस्तकावर तो शब्द शिकविला होता तेंच तो आणी. दुसरें शेंकडों पुस्तकें समोर असलीं तरी तीं त्याच्या लेखीं पुस्तकें नव्हत. ही अडचण दूर होतांच दुसरें टोक गांठलें गेलें. चाकूच्या नांवाखालीं वस्तराहि येऊं लागला. मूल शब्दाचा अर्थ कसा बांधतें, हें एवढ्या जवळून इतारपूर्वीं क्वचितच कोणीं पाहिलें असेल. तो लिहावयासहि शिकला, आपल्या साध्या गरजा लिहून कळवूं लागला. परंतु बोलणें आलें नाहीं. इतारच्या दृष्टीनें ही हार होती. १८०६ च्या दुसऱ्या अहवालानंतर त्यानें हे पाठ सोडून दिले. सरकारनें गेराँबाईंना सालीना दीडशें फ्रँक लावून दिले. व्हिक्टर त्यांच्याच घरीं राहिला आणि १८२८ मध्यें वारला.

इतारनें ज्याला हार म्हटलें, तिच्यांतून एडवार सेगँ या तरुणानें शास्त्र उभें केलें. १८३७ मध्यें, इतारच्या अखेरच्या दिवसांत, त्याच्याच मार्गदर्शनाखालीं सेगँनें एका मुलाला शिकवावयास घेतलें व दीड वर्षांत मोठी प्रगति करून दाखविली. पुढें पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयांत त्यानें अशा मुलांचा वर्ग चालविला. वरिष्ठांशीं न जमल्यामुळें १८४३ मध्यें तो तेथून बाहेर पडला. १८४६ मध्यें त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नंतर तो अमेरिकेंत गेला आणि १८८० मध्यें तेथेंच निवर्तला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: प्रथम स्नायु, मग इंद्रियें, मग कल्पना. म्हणून वाचनाआधीं लेखन, लेखनाआधीं रेघ, आणि रेघेआधीं हात. अक्षराचा परिचय करून देण्याची त्याची तीन पायऱ्यांची रीत अजून जगभर चालू आहे. ‘हें अमुक’ म्हणून दाखवावें. ‘अमुक मला दे’ म्हणून मागावें. आणि शेवटीं ‘हें काय?’ म्हणून विचारावें. मुलाला नांव उच्चारतां येण्यापूर्वीं ओळखतां येतें, हें या रीतीचें मर्म.

त्यानंतर पन्नास वर्षें हे ग्रंथ बहुतेक धूळ खात पडले. बिसेत्रमध्येंहि सेगँचीं साधनें वापरांत होतीं, पद्धति मात्र हरपली होती, असें डॉ. मारिया माँटेसरी यांनीं तेथील भेटीनंतर लिहून ठेविलें आहे. माँटेसरीबाई १८९६ मध्यें रोमच्या विद्यापीठांतून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. मानसरोगांच्या विभागांत काम करतांना वेड्यांबरोबर कोंडलेलीं मुलें त्यांनीं पाहिलीं, आणि हा प्रश्न औषधाचा नसून शिक्षणाचा आहे, असें त्यांच्या मनानें घेतलें. १८९८ मध्यें त्यांनीं तूरिनच्या शिक्षणपरिषदेंत तें जाहीरपणें मांडलें. १९०० च्या सुमारास रोममध्यें अशा मुलांसाठीं निघालेल्या शाळेंत त्यांनीं दोन वर्षें सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतः शिकविलें. याच काळांत इतार आणि सेगँ यांचे ग्रंथ त्यांनीं इटालियनमध्यें भाषांतरून आपल्या हातानें लिहून काढले, कां कीं प्रत्येक शब्दाचा विचार करावयास सवड मिळावी!

तेथील एक निरीक्षण ऐकण्यासारखें आहे. एका अकरा वर्षांच्या मुलीला कांहीं केल्या शिवण येईना. बाईंनीं सुई बाजूला ठेविली आणि कागदाच्या पट्ट्या आडव्याउभ्या विणून चटई करण्याचा खेळ तिच्या हातीं दिला. त्यांत हात बसल्यावर पुन्हां शिवण दिली, तों ती सहज येऊं लागली. यावरून बाईंनीं ताडलें कीं, कठीण कृति तीच कृति घोकून येत नाहीं. तिच्यांत ज्या हालचाली लागतात, त्या आधीं दुसऱ्या मार्गानें हातांत उतरल्या पाहिजेत. हेंच लेखनाला लागू केलें. येथें त्यांनीं आपल्या गुरूशीं मतभेद केला. सेगँ अक्षराचे तुकडे पाडी. अमुक अक्षर म्हणजे एक उभी रेघ व एक वक्र. बाई म्हणाल्या, हें तर अक्षराचें पृथक्करण झालें. पृथक्करण लिहिणाऱ्या मुलाचें केलें पाहिजे. त्यांनीं वळणदार अक्षरें लांकडाचीं करविलीं, स्वर तांबडे व व्यंजनें निळीं रंगविलीं, आणि लिहितांना हात ज्या दिशेनें जातो त्याच दिशेनें मुलांकडून तीं बोटांनीं गिरवून घेतलीं; प्रथम एका बोटानें, मग दोहोंनीं, मग काडीनें. त्यांतील कांहीं मुलें इतकीं चांगलीं लिहूंवाचूं लागलीं कीं, सामान्य शाळेंतील मुलांबरोबर परीक्षेस बसून उत्तीर्ण झालीं.

जग या चमत्काराचें कौतुक करीत असतांना माँटेसरीबाईंच्या मनांत भलतीच शंका आली. माझीं हीं मुलें जर इतरांच्या बरोबरीला येतात, तर इतरांना शाळेंत कशानें खुरटवून ठेविलें आहे? ६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत त्यांचें पहिलें बालगृह उघडलें, तें या शंकेपायीं. तेथील आयांनींच मुलांना लिहिणेंवाचणें शिकवा म्हणून आग्रह धरला. परंतु लांकडी अक्षरें फार खर्चाचीं. तीं करून देणारा कारागीर मिळेना. तेव्हां बाईंनीं सँडपेपरचीं अक्षरें कातरून पुठ्ठ्यावर चिकटविलीं. गरजेपोटीं केलेली ही तडजोड मूळ साधनाहून सरस ठरली. बोट खरखरीत भागावर आहे तोंवर वाट बरोबर. गुळगुळीत पुठ्ठ्यावर घसरलें कीं चूक. ती सांगावयास शिक्षक लागत नाहीं. मुलाचें बोटच तें सांगतें.

त्याच वर्षीं डिसेंबरांत एके दिवशीं ऊन पडलें होतें. बाई मुलांना घेऊन गच्चीवर बसल्या होत्या. पांचएक वर्षांच्या एका मुलाला त्यांनीं खडू देऊन समोरचें धुराडें काढावयास सांगितलें. त्यानें तें फरशीवर काढलें. बाईंनीं शाबासकी दिली. मुलगा क्षणभर स्तब्ध राहिला आणि एकाएकीं ओरडला कीं, मला लिहितां येतें! त्यानें हात, धुराडें, छप्पर हे शब्द एकापाठोपाठ लिहून काढले. त्याच्या हातीं लेखणी देऊन कोणींहि त्याला लिहावयास शिकविलें नव्हतें. थोड्याच दिवसांत इतर मुलांचेंहि तसेंच झालें. वाचन मागाहून आलें. यांत इटालियन भाषेचाहि वाटा आहे, हें विसरतां कामा नये. तिच्यांत उच्चार आणि अक्षर यांचें लग्न बहुधा मोडत नाहीं. इंग्रजींत हाच प्रयोग इतका सहज साधला नसता.

आपल्याकडील वाचकाला येथें धुळाक्षरें आठवतील. गांवठी शाळेंत पंतोजी धूळपाटीवर अक्षर काढीत आणि मुलगा तें गिरवी. दक्षिणेंत मुलें वाळूंत बोटानें लिहितात, हें मद्रासेस अँड्र्यू बेल यानें पाहिलें आणि १७९७ मध्यें पुस्तक लिहून ती रीत विलायतेस नेली. बोटाला अक्षर कळतें, हें आपणांस युरोपनें शिकवावयास नको होतें. आपणांपाशीं नव्हतें तें दुसरेंच. ज्या मुलाला गिरवूनहि अक्षर येत नाहीं, त्याच्यापाशीं थांबून ‘कां येत नाहीं’ म्हणून विचारण्याची सवय. पंतोजींच्या छडीपाशीं त्या प्रश्नाचें एकच उत्तर होतें.

गिजुभाई बधेका यांनीं भावनगर येथें १९२० मध्यें बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक तेथें त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३९ मध्यें माँटेसरीबाई स्वतः अड्यारला आल्या. महायुद्धांत इटली शत्रुपक्षांत गेल्यामुळें त्यांचे चिरंजीव मारिओ यांना आपल्या अहमदनगरच्या छावणींत स्थानबद्ध केलें गेलें. ताराबाईंनीं १९४५ मध्यें बोर्डीस ग्रामीण मुलांसाठीं काम आरंभिलें व १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेलें. महागड्या साधनांऐवजीं बिया, शिंपले, खडे त्यांनीं हातीं घेतले. सान लोरेंझोंतील तडजोडीचीच ती पुढची पायरी होती. पण शहरांत पद्धतीचें काय झालें, तें आरंभींच सांगितलें आहे.

आतां हिशेब. मुंबईंत बहिऱ्यांची शाळा १८८५ मध्यें निघाली. अंधांच्या शाळा विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं निघाल्या. बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांसाठीं मुंबईंत शाळा निघावयास मात्र १९४४ साल लागलें, आणि तीहि एका पारशी दांपत्यानें आपल्या मुलीकरितां काढली म्हणून. माँटेसरी पद्धतीची शाळा चांगली कीं वाईट, याची चर्चा त्याआधीं वीस वर्षें आपल्या सुशिक्षित घरांत चालली होती. ज्यांच्या वह्यांतून ती पद्धति लिहिली गेली, तीं मुलें त्या चर्चेंत कोठेंच नव्हतीं.

आणखी एका वर्गाची ओळख तर फारच उशिरां पटली. १८९६ मध्यें प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरानें चौदा वर्षांच्या एका मुलाचें वर्णन प्रसिद्ध केलें. मुलगा हुशार, गणितांत तरबेज, डोळे निर्दोष. पण छापील शब्द त्याला उमगत नव्हता. सगळें शिक्षण तोंडीच असतें तर हा शाळेंत पहिला आला असता, असें त्याच्या शिक्षकाचें मत होतें. यालाच आज डिस्लेक्सिया म्हणतात. अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें ग्रेस फर्नाल्ड यांनीं अशा मुलांसाठीं जी रीत बसविली आणि १९४३ मध्यें ग्रंथरूपानें मांडली, तिच्यांत शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून देत. मूल तो उच्चारीत बोटानें पुन्हां पुन्हां गिरवी, आणि न पाहतां लिहितां येईपर्यंत हें चाले. महाराष्ट्रांत शालान्त परीक्षेंत अशा मुलांना सवलती मिळूं लागल्या त्या १९९० नंतरच्या दशकांत. कायद्यानें या अडचणीला दिव्यांगत्वाच्या यादींत स्थान दिलें तें २०१६ मध्यें. तोंपर्यंत कित्येक घरांत तिचें नांव आळस हेंच होतें.

आपल्या लिपींत या मुलांची एक खास अडचण आहे. ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं येते आणि क मागाहून. बोलतांना मात्र क आधीं आणि इ मागाहून. डावीकडून उजवीकडे वाचणारें मूल प्रथम जें पाहतें, तें त्याला शेवटीं उच्चारावें लागतें. बहुतेक मुलें हें विनातक्रार गिळतात. कांहींना तें वर्षानुवर्षें गिळतां येत नाहीं. अशा मुलाला आधीं क बोटानें गिरवूं द्यावा, तो मोठ्यानें म्हणवून घ्यावा, आणि मग डावीकडे हात नेऊन वेलांटी गिरवीत इ म्हणवावी. म्हणजे हाताचा क्रम आणि कानाचा क्रम एक होतो. आश्चर्य असें कीं, १९५१ मध्यें भारतीय भाषांसाठीं जी भारती ब्रेल ठरली, तिच्यांत ही अडचण मुळींच नाहीं. तिच्यांत क चे ठिपके आधीं येतात आणि इ चे त्यानंतर, उच्चारावे तसे. आंधळें मूल ‘किती’ हा शब्द सरळ वाचीत जातें.